विश्लेषण : हजार यार्डांवरचा वेध… फॅक्टरी रायफलींमधून निवड कशी करतात? ‘एक मिनिटा’च्या हमीत किती तथ्य?

हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. इतक्या अंतरावरचे, जेमतेम मोठ्या ताटाएवढे लक्ष्य टिपू शकणारी रायफल हवी असेल, तर अमेरिकेतील नेमबाजाला काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेकदा कुशल बंदूक कारागीर गाठावा लागे. पैसे जात आणि रायफल हातात येईपर्यंत अनेक महिनेही जात. आता चित्र बदलले आहे. दुकानातल्या खोक्यातून निघालेली, कारखान्यात तयार झालेली रायफलही हे काम करू शकते. मात्र त्यातून नवा पेच उभा राहिला. जवळपास प्रत्येक कंपनी अचूकतेची हमी देते आणि ही हमी कागदावर सारखीच दिसते. मग हौशी नेमबाजाने निवड कशाच्या आधारे करायची? जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा थोडी संख्याशास्त्राची आकडेमोडच याचे उत्तर अधिक प्रामाणिकपणे देते.

‘फॅक्टरी प्रिसिजन रायफल’ म्हणजे काय?

साध्या शिकारी रायफलीपेक्षा ही रायफल वेगळी असते. बॅरल जाड असते, त्यामुळे ती लवकर तापत नाही आणि गोळी सुटताना कमी थरथरते. दस्त्याची लांबी आणि गाल टेकवण्याच्या भागाची उंची नेमबाजाच्या शरीराप्रमाणे कमी-जास्त करता येते. अनेक रायफलींत लाकडी दस्त्याऐवजी अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो. त्याला ‘चॅसी’ म्हणतात. काडतुसे सुट्या मॅगझिनमधून भरली जातात. दुर्बीण बसवण्याची पट्टी पुढच्या बाजूला किंचित उतरती असते. दूरच्या अंतरासाठी दुर्बिणीचे मार्किंग बरेच वर फिरवावे लागते आणि या उतारामुळे त्यासाठी जास्त जागा मिळते.

हे सगळे एकेक करून जोडण्याऐवजी एकाच किमतीत, एकाच खोक्यात मिळणे, हाच ‘फॅक्टरी’ या शब्दाचा अर्थ.

बदल नेमका कधी झाला?

दोन घटना महत्त्वाच्या ठरल्या. २००७ मध्ये हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने ‘६.५ क्रीडमोर’ हे काडतूस बाजारात आणले. मुळातच लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी त्याची रचना केलेली होती. लांब, निमुळती आणि हवेचा विरोध कमी सोसणारी गोळी, मध्यम धक्का आणि दुकानात तयार मिळणारी दर्जेदार काडतुसे अशी ही सांगड होती. त्याआधी अनेक स्पर्धक घरीच काडतुसे भरत.

दुसरी घटना २०१५ ची. रुगर कंपनीने ‘रुगर प्रिसिजन रायफल’ १,३९९ डॉलर या छापील किमतीत आणली. घडी होणारा दस्ता, चॅसी, जाड बॅरल आणि उतरती पट्टी या रायफलीत पहिल्यापासूनच होती. त्यानंतर इतर कंपन्यांनाही याच किमतीच्या आसपास उतरावे लागले.

स्पर्धांनीही हातभार लावला. अमेरिकेतील ‘प्रिसिजन रायफल सीरिज’ या स्पर्धामालिकेत ‘प्रॉडक्शन’ नावाचा स्वतंत्र गट आहे. कारखान्यातून येते तशी, फारसा बदल न केलेली रायफल या गटात वापरायची असते. रायफलीच्या छापील किमतीवर सुरुवातीला २,००० डॉलरची मर्यादा होती, पुढे ती वाढवण्यात आली. त्यामुळे कंपन्यांना या मर्यादेत बसणारी रायफल बनवण्याचे निमित्त मिळाले.

बाजारात कोणते पर्याय आहेत?

नेहमी तुलना होते ती चार नावांची.

रुगर प्रिसिजन रायफल (अमेरिका) : बोल्टला तीन पकडी असल्याने तो उघडताना हात कमी, म्हणजे ७० अंशच फिरवावा लागतो. दस्ता आणि हाताची पकड एआर पद्धतीच्या रायफलींच्या सुट्या भागांशी जुळते. बॅरल नटने बसवलेली असल्याने ती बदलणे तुलनेने सोपे आहे. बोल्ट सरकवताना इतरांच्या तुलनेत थोडा खरखरीतपणा जाणवतो, ही नेमबाजांची नेहमीची तक्रार आहे.

टिक्का टी३एक्स टॅक ए१ (फिनलंड) : साको कंपनीच्या रीहिमाकी येथील कारखान्यात ती तयार होते. साको २००० पासून इटलीच्या बेरेटा समूहाकडे आहे. तेलावरून सरकावा तसा चालणारा बोल्ट आणि नेटका ट्रिगर ही तिची ओळख. मात्र मॅगझिन कंपनीची स्वतःची आहेत. ती महाग पडतात आणि इतर रायफलींची सहज बसत नाहीत.

बर्गारा बी-१४ एचएमआर (स्पेन) : बास्क प्रांतातील बर्गारा गावावरून तिला नाव मिळाले. दस्ता पारंपरिक आकाराचा दिसतो, पण त्याच्या आत अॅल्युमिनियमचा छोटा सांगाडा बसवलेला असतो. तिची आखणी १९६२ पासून बनणाऱ्या रेमिंग्टन ७०० या जुन्या रायफलीच्या मापांशी जुळते. त्यामुळे दस्ते, ट्रिगर आणि चॅसी यांची मोठी बाजारपेठ तिला खुली होते. रेमिंग्टन कंपनी २०१८ आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिच्या रायफलीचे माप मात्र उद्योगाचे मानक म्हणून टिकून राहिले.

सॅव्हेज ११० एलिट प्रिसिजन (अमेरिका) : कॅनडाच्या एमडीटी कंपनीच्या चॅसीमध्ये बसवूनच ती विकली जाते. वजन सहा किलोच्या आसपास. इतकी जड रायफल खांद्यावर कमी धडकते, त्यामुळे गोळी कुठे पडली हे नेमबाजाला स्वतःच दुर्बिणीतून दिसते. बॅरल नटची पद्धत सॅव्हेजने अनेक दशकांपूर्वीपासून वापरली आहे. पायी डोंगर चढून जायचे असेल, तर मात्र हेच वजन अंगावर येते.

थोडक्यात, चौघींमध्ये फरक आहेत. पण ते बहुतांशी हाताळणी, वजन आणि सुट्या भागांचे आहेत. अचूकतेत त्या एकमेकींच्या फार जवळ आहेत.

‘एक मिनिटा’ची हमी म्हणजे काय?

अचूकता मोजण्याचे एकक कोनाचे आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, नेमबाजांच्या भाषेत ‘एमओए’. शंभर यार्डांवर हा कोन २.६६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक इंच रुंद होतो. हजार यार्डांवर तोच २६.६ सेंटिमीटर होतो. महाराष्ट्रात एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफल चालवलेल्यांना ‘ग्रुपिंग’ हा शब्द माहीत असतो. एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्यांची भोके किती जवळ पडली, त्यातल्या सर्वात दूरच्या दोन भोकांमधील अंतर म्हणजे ग्रुप. अनेक कंपन्या एक मिनिट किंवा त्याहून लहान ग्रुपची हमी देतात.

खरा प्रश्न आहे तो किती गोळ्यांचा ग्रुप, हा. बऱ्याचदा तो तीनच गोळ्यांचा असतो.

तीन गोळ्यांनी फसगत कशी होते?

नाणे तीनदा उडवले आणि तिन्ही वेळा छापा आला, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. रायफलीचेही तसेच. प्रत्येक गोळी थोडी इकडे-तिकडे पडतेच. गोळ्या जितक्या जास्त, तितका हा विखुरलेपणा पूर्ण दिसतो.

विखुरलेपणा सर्व दिशांना सारखा आणि संख्याशास्त्रातील नेहमीच्या घंटाकृती आलेखासारखा मानला, तर सरासरी ग्रुप प्रमाण विचलनाच्या पटीत असे वाढतात : तीन गोळ्यांचा सुमारे २.४ पट, पाच गोळ्यांचा ३.१ पट, दहा गोळ्यांचा ३.८ पट आणि वीस गोळ्यांचा ४.५ पट. म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी एक मिनिटाचा ग्रुप देणारी रायफल दहा गोळ्यांत जवळपास १.६ मिनिटांचा ग्रुप देईल. रायफल तीच, काडतूस तेच आणि नेमबाजही तोच. बदलली ती फक्त गोळ्यांची संख्या.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीपासून सहज ३५ ते ४० टक्क्यांनी लहान-मोठा होतो. म्हणजे सरासरी एक मिनिटाची रायफल एखाद्या सकाळी ०.६ मिनिटाचा ग्रुप दाखवते आणि दुसऱ्या सकाळी १.४ मिनिटांचा. पहिल्या ग्रुपचे छायाचित्र मोबाइलमध्ये जपून ठेवले जाते. दुसऱ्याबद्दल ‘ती एक गोळी माझ्याकडून हलली’ असे म्हटले जाते. मित्राच्या रायफलीचा सर्वोत्तम ग्रुप आणि स्वतःच्या रायफलीचा सर्वात वाईट ग्रुप यांची तुलना करून रायफल विकणारेही कमी नाहीत.

म्हणून दोन रायफलींची, किंवा एकाच रायफलीत दोन काडतुसांची तुलना करायची असेल, तर दहा गोळ्यांचे किमान दोन-तीन ग्रुप हवेत. यात वेळ जातो, पैसे जातात आणि मिळणारा आकडा मिरवण्यासारखा नसतो. पण तो खरा असतो.

रायफल मोठी की वारा?

समजा, एका नेमबाजाने जास्त पैसे मोजून एक मिनिटाऐवजी पाऊण मिनिटाची रायफल घेतली. हजार यार्डांवर त्याचा ग्रुप २६.६ वरून २० सेंटिमीटरवर येईल. केंद्रापासून मोजले, तर सुधारणा तीन-साडेतीन सेंटिमीटरची आहे.

आता वारा पाहू. ६.५ क्रीडमोरची १४० ग्रेनची लक्ष्यवेधी गोळी ताशी १० मैल (१६ किलोमीटर) वेगाच्या आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर साधारण १.६ ते १.७ मीटर बाजूला सरकते. हवेत ती दीड सेकंदाहून थोडी जास्त असते आणि वाटेत वारा एकसारखाही नसतो. नेमबाजाचा अंदाज फक्त दोन मैलांनी चुकला, तरी गोळी ३०-३५ सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे रायफलीवर जादा खर्च करून जे मिळाले, त्याच्या दहापट वाऱ्याच्या एका छोट्या चुकीत जाते.

काडतुसाच्या वेगातील फरकही असाच छळतो. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक असेल, तर हजार यार्डांवर गोळी सुमारे २० सेंटिमीटर वर-खाली पडते. शंभर यार्डांवरच्या ग्रुपमध्ये हा दोष दिसतही नाही.

याचा अर्थ रायफल कशीही चालेल असा नाही. तीन मिनिटांची रायफल नेमबाजाला काहीच शिकवू शकत नाही, कारण चूक कोणाची हेच कळत नाही. पण एक मिनिटाच्या आसपास पोहोचल्यावर पुढचा पैसा रायफलीपेक्षा सरावात अधिक उपयोगी पडतो.

आधी काडतूस ठरवायचे की रायफल?

जाणकार काडतुसापासून सुरुवात करतात. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून आहे. ते सर्वत्र मिळते, सरावाची काडतुसे तुलनेने स्वस्त असतात आणि बॅरल पाच हजार गोळ्यांपर्यंत किंवा त्यापुढेही चांगली चालू शकते. मात्र त्याच १० मैलांच्या वाऱ्यात .३०८ ची १६८ ग्रेनची गोळी जवळपास २.४ मीटर सरकते. शिवाय हजार यार्डांच्या आसपास तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येतो आणि तेथे अनेक गोळ्या डळमळू लागतात. ६.५ क्रीडमोरची गोळी समुद्रसपाटीलाही १,२०० यार्डांच्या पुढेपर्यंत ध्वनीपेक्षा वेगवान राहते आणि खांद्याला धक्काही कमी देते. तिची बॅरल मात्र साधारण दोन ते तीन हजार गोळ्यांत थकते. आणखी वेगवान ६ मिलिमीटर काडतुसांत हे आयुष्य त्याहूनही कमी असते.

बॅरल हा झिजणारा भाग आहे, गाडीच्या टायरसारखा. त्यामुळे नवी बॅरल किती सहज मिळेल आणि कोण बसवेल, हा प्रश्न रायफल घेण्याआधीच विचारायला हवा. नट पद्धतीच्या किंवा रेमिंग्टन ७०० च्या मापाच्या रायफली इथे पुढे असतात.

खर्च नेमका कुठे होतो?

रायफलीची किंमत हा पहिला हप्ता समजावा. दुर्बिणीवर रायफलीइतकाच खर्च करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागे कारण आहे. हजार यार्डांसाठी दुर्बिणीचे बटण ८० हून अधिक खाचा फिरवून वर न्यावे लागते आणि नंतर तेवढेच परत आणावे लागते. प्रत्येक खाच शंभर मीटरवर एक सेंटिमीटरची. दुर्बिणीने यात एकदा जरी लबाडी केली, तरी दोष रायफलीच्या माथी जातो.

त्यानंतर येतात काडतुसे. युक्रेन युद्धामुळे नायट्रोसेल्युलोज या बारुदाच्या मूळ घटकाला जगभर लष्करी मागणी वाढली. त्याची झळ खेळालाही बसली. अमेरिकेतील व्हिस्टा आउटडोअर कंपनीने २०२४ मध्ये बारुदाच्या तुटवड्याचे कारण देत दरवाढ जाहीर केली होती. वर्षाला दोन हजार गोळ्या झाडणाऱ्याचा काडतुसांवरील खर्च रायफलीच्या किमतीला सहज मागे टाकतो.

एक नवा मुद्दा आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरचा. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर २०० डॉलरचा संघीय कर होता. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला. अर्ज आणि नोंदणीची अट मात्र कायम आहे. त्यामुळे बॅरलच्या तोंडाला आटे पाडलेले आहेत का, हे ग्राहक आता आवर्जून पाहतात. सायलेन्सरने कानांना आराम मिळतो आणि धक्काही कमी होतो.

अमेरिकेतील भारतीय ही रायफल घेऊ शकतात का?

पुण्या-मुंबईहून गेलेले अनेक अभियंते या खेळाकडे वळण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी निवडीपेक्षा कायदा आधी येतो. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातील एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. राज्यागणिक नियम वेगळे आहेत. चूक झाल्यास खटला आणि व्हिसा दोन्हींवर बेतू शकते. त्यामुळे मित्राची रायफल हातात घेण्याआधीही वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात हा खेळ खुल्या बाजाराचा नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. मान्यताप्राप्त नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. ७.६२ मिलिमीटरसारख्या लष्करी बोअरच्या रायफली प्रतिबंधित गटात मोडतात. त्यामुळे भारतीय नेमबाजांची कसोटी प्रामुख्याने १० आणि ५० मीटरवर लागते.

पण हिशोब इथेही तोच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात. या प्रकारातील अव्वल रायफलीही कारखान्यातच बनतात. खरा शोध असतो तो आपल्या बॅरलला मानवणाऱ्या .२२ काडतुसांच्या ‘लॉट’चा. त्यासाठी इलेसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज रायफल घेऊन जातात. एकेका लॉटच्या अनेक गोळ्या झाडून पाहतात आणि मगच काडतुसे विकत घेतात. तिथे तीन गोळ्यांवर कोणी निर्णय घेत नाही.

मग निवडीचा क्रम काय असावा?

पहिले, आपल्या परिसरात किती लांब मैदान उपलब्ध आहे ते पाहणे. जवळच्या मैदानाची हद्द ३०० यार्डांचीच असेल, तर .२२ रायफलीवर वारा शिकणे स्वस्त पडते. दुसरे, काडतूस. ते स्थानिक दुकानात सातत्याने मिळायला हवे. तिसरे, रायफल खांद्याला लावून पाहणे. गाल टेकवल्यावर डोळा दुर्बिणीच्या मध्यावर आपोआप येतो का, बोट ट्रिगरवर सरळ पडते का, हे हमीपत्रात लिहिलेले नसते. चौथे, मॅगझिन, बॅरल आणि सुट्या भागांची उपलब्धता. या चारही कसोट्यांवर दोन रायफली बरोबरीत असतील, तर त्यातली स्वस्त घ्यावी.

उरलेल्या पैशांची काडतुसे घ्यावीत, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप झाडावेत आणि प्रत्येक वेळी वारा किती वाटला व किती निघाला, हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी रायफल बदलायची की नाही, हे ती वहीच सांगेल.